पिंपळीची घरघर

पिंपळीत पहिला नळ आबाजीच्या घरात आला, आणि आला तो ओरडतच आला.

तसा आबाजी हौशी माणूस. बापजाद्यांनी मेंढरांमागं उभा जन्म माळ तुडवला. कालव्याच्या पाण्यानं भाग हिरवा झाला तेव्हा आबाजीनं कळप विकून जमीन धरली, वांगी लावली, पेरूची बाग केली आणि विहिरीवर इंजिन बसवलं. चामड्याची मोट गोठ्याच्या आढ्याला टांगली गेली. मग त्याच्या मनानं घेतलं, की वांग्याला बसल्या जागी पाणी मिळतं, तर बायकोला का मिळू नये? झालं. विहिरीपाशी दगडी चौथरा बांधून त्यावर लोखंडी टाकी चढवली, टाकीपासून घरापर्यंत पाइप ओढला आणि स्वयंपाकघरातल्या मोरीवर पितळी नळ लावला. बारामतीचा मिस्त्री ते काम करत होता तेवढ्या दिवसांत गोजरबाईनं दोनदा भाजी करपवली. नळाकडं बघू की चुलीकडं, तिला कळेना.

नारळ फोडून नळ सोडला. आधी नुसती हवा फुसफुसली, मग पाणी आलं, आणि पाण्यामागोमाग तो आवाज. आधी भिंतीत कुणी घसा खाकरावा तसा, मग घर्र, घर्र, घर्र करत सगळा पाइप थरथरायला लागला. मांडणीवरची ताटं एकमेकांना धक्के मारू लागली. कडेचा तांब्या सरकत सरकत आला आणि खाली पडला. जमलेल्या बायका दोन पावलं मागं सरल्या. आबाजी मात्र मिशीवर हात फिरवत म्हणाला, "नवं हाय. चार दिसांत दबंल."

दबायचं नाव नाही. मिस्त्रीला दोनदा बोलावलं. पहिल्यांदा त्यानं पाइपाला हातोडी मारली, दुसऱ्यांदा आबाजीनंच मारली, तिसऱ्यांदा मिस्त्री यायचाच बंद झाला. गावाला मात्र सवय झाली. पहाटे गोजरबाई घागर भरायला नळ सोडी, की आळीतल्या बाया म्हणत, "उठा गं, घरघर लागली." दुपारची घरघर झाली की गडी भाकरीला बसत. कुणी पाहुणा दचकला, तर पोरंटोरंसुद्धा समजावत, "काय न्हाय वो, आबाच्या घरात घरघर लागलीया." घरघर म्हणजे आबाजीचा पाइप, हे पिंपळीत कुणाला सांगावं लागत नसे.

गोजरबाईला त्या आवाजाचा कधी राग आला नाही. तिच्या मनात निराळंच काही होतं, आणि जसजशी घरघर वाढत गेली तसतसं ते जास्त वर येऊ लागलं. तिचा जावई सिद्धू साखर कारखान्यात फिटर होता. रात्रंदिवस पाइप जोडणं आणि पाइप खोलणं, हाच त्याचा धंदा. अंथुर्ण्याहून तो आला असता, तर अर्ध्या दिवसात पाइप गप्प झाला असता. आणि तो आला असता, तर लेक सिंधू आली असती. सिंधू आली असती, तर जिचं तोंडही गोजरबाईनं अजून पाहिलं नव्हतं ती नात आली असती.

पण येणार कसे? भांडण केवढं, तर घोंगडीएवढं. पहिल्या दिवाळसणाला आबाजीनं जावयाला घोंगडी दिली होती. साधीसुधी नव्हे. विकलेल्या कळपाची शेवटची लोकर बाजूला ठेवून, कातून, विणून घेतलेली काळीभोर घोंगडी. ती चारचौघांत सिद्धूच्या खांद्यावर टाकली, तर हा शहाणा हसून म्हणाला, "मामा, कारखान्यात हिचा काय उपेग? पट्ट्यात गुतली, तर मलाच गुंडाळून टाकंल." पोरगं थट्टेनं बोललं, माणसं हसली, आणि आबाजीचा चेहरा उतरला. त्यानं घोंगडी त्याच्या खांद्यावरून काढली, घडी केली आणि ट्रंकेत ठेवली. "माझी मेंढरं ह्येला टोचत्यात," एवढंच म्हणाला. तेव्हापासून त्यानं लेकीला आणायला मुराळी धाडला नाही, आणि मुराळी आल्याशिवाय पाय उचलायचा नाही, असं तिकडं सिद्धूनं ठरवलं. पहिलं बाळंतपणसुद्धा सासरी झालं. दोघांची डोकी सारखीच तापट. पोळल्या मात्र मधल्या दोन बाया.

चैत्रात एके दिवशी आवाज इतका चढला, की मांडणीवरून बरणी पडून लोणचं मोरीत गेलं. गोजरबाई धीर करून म्हणाली, "आवं, जावायाला एकदा—"

"त्येचं नाव काढू नगंस," आबाजी म्हणाला. "पाइप माजा हाय. मीच बघतो." आणि तो दारातच पाना घासत बसला.

तेवढ्यात शेजारचा कुंडलिक हाक मारत आला. पेरूची गाडी घेऊन तो अंथुर्ण्याच्या बाजाराला निघाला होता. गोजरबाईच्या काळजात लख्ख झालं. ती लगबगीनं गाडीपाशी गेली. पाठीमागं आबाजी बसलेला, त्याचे कान तिखट. ती पदराआडून घाईघाईनं पुटपुटली, "कुंडलिका, सिंधूच्या घरी सांग, हितं घरघर लागलीया म्हणावं. दोघंबी या. पोरीला आना. धन्यास्नी कळू दिऊ नगंस." कुंडलिकानं मान हलवली. घरघर त्याला ठाऊकच होती.

पुढं अंथुर्ण्यात काय झालं, ते गोजरबाईला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. आणि कळलं तेव्हा ती हसून हसून खांबाला टेकली.

सिंधू मळ्यात गेलेली. घरात तिची सासू भामाबाई होती. कुंडलिकानं पागोटं सारखं केलं आणि निरोप मिळाला तसाच दिला, पदरचं काही घातलं नाही. "आबाच्या घरात घरघर लागलीया. दोघांनी या म्हटलंय. पोरीला आना."

भामाबाई मटकन खाली बसली. अंथुर्ण्यात घरघर म्हणजे जगात सगळीकडं असते तीच.

"अगंबया! कवापास्नं?"

"झालं की चार म्हैनं."

"चार म्हैनं!"

"आदी सकाळच्यालाच व्हायाची. आता दिसभर चालू असती. जेवणयेळंला तर लई जोर करती."

"आन् कुनाला दावलं का न्हाय?"

"बारामतीवरनं मानूस आला हुता की. दोनदा बघून ग्येला. आता येतच न्हाय."

"हात टेकलं म्हना," भामाबाई डोळ्यांना पदर लावत म्हणाली. "आन् इहीनबाई कशा हायती?"

"त्यांची काय तक्रार न्हाय," कुंडलिक म्हणाला. "त्यास्नी सवं झालीया. आळीतल्या बायाबी येऊन बसत्यात ऐकाय." एवढं सांगून तो पेरू विकायला निघून गेला. आपण काय पेटवलं, याचा त्याला पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या सुमाराला आबाजी मोरीपाशी उताणा पडला होता. खाली त्याची जुनी विटकी घोंगडी अंथरलेली, डोकं भिंतीच्या कोपऱ्यात घातलेलं, कान पाइपाला लावलेला आणि डोळे मिटलेले. आवाज नेमका कुठून निघतो, ते आज हुडकायचंच, असा त्याचा पण होता. गोजरबाई त्याच्यावर वाकून नळाची चावी धरून उभी होती.

"सोडू का?"

"सोड."

घर्र, घर्र, घर्र. आणि त्याच वेळी गल्लीतून हंबरडा आला. "आबाऽ! मला भेटल्याबिगार जाऊ नगा वो आबाऽ!"

गोजरबाईनं लेकीचा आवाज ओळखला, पण ती काय म्हणते आहे ते तिच्या डोक्यात शिरायच्या आत सिंधू आत आली. बाहेरच्या उन्हातून आत आलेली, तिला अंधारात दिसलं ते एवढंच: बाप घोंगडीवर उताणा, आई त्याच्यावर वाकलेली, पाण्याची धार चाललेली, आणि सगळ्या घरात ती भयंकर घरघर. तिनं बापाच्या पायांवर अंग टाकलं आणि असा टाहो फोडला, की आबाजीला वाटलं, पाइपच फुटला. तो ताडकन उठला. डोकं खणकन पाइपावर आपटलं.

"आय आय आय! कोन ग्येलं? आं? कोन ग्येलं?"

"तुमी वो आबा!" सिंधू म्हणाली.

आबाजीनं टेंगूळ चोळलं, स्वतःचे हातपाय बघितले आणि दाराकडं पाहिलं. दारात भामाबाई तोंडावर पदर धरून, कडेवर पोर. तिच्यामागं दोन गाड्या भरून आलेले अंथुर्ण्याचे सोयरे, टोप्या हातात घेतलेले. आणि सगळ्यांच्या पुढं सिद्धू. रात्रपाळीवरून थेट उठून आलेला, अंगात खाकी कपडे, खिशात पाना तसाच. मेलेला सासरा उठून बसलेला बघून त्याचं तोंड उघडं राहिलं होतं. त्याच्या गालांवर पाणी होतं, आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं.

गोजरबाईनं नळ बंद केला. घरघर थांबली. त्या शांततेत तिला सगळं उमगलं, आणि ती तोंडात पदर कोंबून खाली बसली.

"मी धाडला निरोप," ती म्हणाली. हसू आणि रडू एकदमच येत होतं. "पायपाची घरघर म्हणाले मी! ह्यांच्या भ्यानं पायपाचं नाव घ्यायचं ऱ्हायलं!"

आधी भामाबाई हसली. मग सोयरे हसले, मग सगळी आळी हसली. सिंधूच्या हंबरड्यानं सगळी आळी एव्हाना दारात जमली होतीच. शेजारची कुशाबाई तर आवाज ऐकल्या ऐकल्या चुलीवर पिठलं टाकूनच आली होती. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यानं भाकरी द्यायची असते. "आता ह्ये पातेलंभर पिठलं मी काय करू?" ती कमरेवर हात ठेवून विचारू लागली.

दोघंच हसत नव्हते. आबाजी सिद्धूकडं बघत होता आणि सिद्धू जमिनीकडं. आता आबाजी काय बोलतो, त्यावर सगळं होतं. एक शब्द वाकडा गेला असता, तर आलेल्या गाड्या तशाच फिरल्या असत्या, आणि पुन्हा यायला त्यांना आबाजी खरोखर मरायची वाट बघावी लागली असती.

"जावाईबापू," आबाजी सावकाश म्हणाला, "माझ्यापायी रडला व्हय?"

"घाम हाय, मामा," सिद्धू म्हणाला आणि बाहीनं तोंड पुसलं.

"आसंल. ऊन लई हाय," आबाजी म्हणाला.

तेवढ्यात भामाबाईच्या कडेवरची पोर खाली घसरली, दुडदुडत मोरीपाशी गेली आणि दोन्ही हातांनी तिनं नळाची चावी फिरवली. घर्र, घर्र! ताटं नाचली. पोर खदखदून हसली, टाळ्या वाजवल्या आणि आजाकडं बघून म्हणाली, "घलघल!"

आबाजीनं हात पुढं केले. "नाव काय गं तुजं?"

"बनी," सिंधूनं सांगितलं. "बनाबाई. आमच्या सासूबाईंनीच ठेवलं. म्हनाल्या, आज्याच्या आईचं नाव कुटंतरी ऱ्हाऊ दे."

आबाजीनं आपल्या आईचं नाव ऐकलं आणि पोरीला छातीशी धरलं. त्याचे डोळे भरून आले, आणि त्यानं ते लपवलेही नाहीत. विहिणीकडं बघून त्यानं नुसते हात जोडले. गोजरबाईला वाटलं, हा पाइप बिघडवणाऱ्या मिस्त्रीला बोलावून साडीचोळीचा आहेर करावा. त्याच्या बायकोला, अर्थात.

मग कामाला लागायचंच होतं. सिद्धूनं खिशातला पाना काढला आणि त्याचा जीव एकदम सुखावला, कारण लोखंडाशी बोलताना त्याला शब्द शोधावे लागत नसत. "मामा, टाकीखालचा कॉक बंद करा." आबाजी पळतच गेला. सिद्धूनं नळाचं डोकं खोललं आणि आतली चकती तळहातावर घेतली. मुळातच पातळ, त्यात झिजून सैल झालेली, हलवली की लुकलुक हलणारी.

"ह्ये बघा वायसर. नळ थोडा सोडला की पान्याच्या धारंत ह्ये फडफडतंय. त्येचा नाद पायपाला लागतो. आन् पायपाला भिंतीचा धर न्हाय, नुसता लोंबतोय. म्हंजे तो मांडणीला हानतोय. दोन दुखणी हायती. नवं वायसर बारामतीला मिळंल."

"चामड्याचं चालंल का?" आबाजीनं विचारलं.

"चांगलं जाड असंल, तर ब्येस."

आबाजी गोठ्यात गेला आणि आढ्याची मोट खाली घेऊन आला. वर्षानुवर्षं पाण्यात मुरलेलं आणि तेल पाजलेलं चामडं. एके काळी विहिरीतलं पाणी हिनंच वर आणलं होतं. सिद्धूनं तिच्या सोंडेचा काठ कापला, रुपयाचं नाणं ठेवून खूण केली, चाकूनं गोल कोरला, मध्ये भोक पाडलं आणि नळात बसवला. आबाजी गुडघ्यावर हात ठेवून वाकून बघत होता. "म्हंजे पानी द्यायला परत मोटच लागली," तो म्हणाला, आणि त्याला फार बरं वाटलं.

राहिला पाइप. भिंतीत खुंट्या ठोकून तो आवळायचा होता, पण लोखंड भिंतीवर टेकलं की थरथर भिंतीत जाणार. "मदी कायतरी मऊ आन् जाड पायजे," सिद्धू म्हणाला. "पोतं चालंल, पर मोरीचा ओलावा हाय. कुजंल."

"लोकर कुजत न्हाय," आबाजी म्हणाला.

सगळ्यांना घोंगडीची गोष्ट ठाऊक होती. सिद्धूचे कान लाल झाले. आबाजी उठला आणि आतल्या खोलीत गेला. ट्रंकेची कडी वाजली. तो ती काळीभोर घोंगडी घेऊन बाहेर आला. नवीच्या नवी, घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"मामा, ती नगं," सिद्धू चटकन म्हणाला. "तिला कापू नगा. चुकलं माजं तवा. त्वांड आवरलं न्हाय."

"कापतंय कोन?" आबाजी म्हणाला. त्यानं घडी मोडली आणि घोंगडी जावयाच्या खांद्यावर टाकली, तेव्हा टाकली होती तशीच. "हितं पट्टा न्हाय काय न्हाय. हितं घ्यायला हरकत न्हाय ना?"

चैत्राच्या उन्हात, घामानं निथळत, सिद्धूनं ती घोंगडी दोन्ही हातांनी अंगाभोवती ओढून घेतली. सिंधू आईच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत हसत रडायला लागली, आणि या वेळी कुणालाही घाबरायचं कारण नव्हतं.

मग आबाजीनं जमिनीवरची आपली जुनी घोंगडी उचलली. कळपामागं तिनं सगळे पावसाळे काढले होते. तिच्या पट्ट्या फाडून त्यानं स्वतः पाइपाला गुंडाळल्या, लहान पोराला बाळोत्यात गुंडाळावं तशा, आणि वरून सिद्धूनं खुंट्या ठोकल्या. "पायपाला टोचत न्हाय, म्हंजे झालं," आबाजी म्हणाला. सिद्धूनं खाली मान घालून हसू गिळलं.

कॉक सोडला. नळ फिरवला. पाणी आलं, नुसतं पाणी. ताटं गप्प, तांब्या जाग्यावर. बनीनं वाट बघितली, पुन्हा चावी फिरवून पाहिली आणि भोकाड पसरलं. बायासुद्धा खट्टू झाल्या. कुशाबाई म्हणाली, "आता पहाट झाल्याली कळायची कशी?" मग तिचं पिठलं आलं, घराघरांतून भाकरी आल्या, आणि दुःखाचं जेवण सगळ्यांनी बोटं चाटून खाल्लं.

सोयरे त्याच दिवशी परतले. लेक-जावई चार दिवस राहिले. निघताना गाडी जुंपलेली, गोजरबाई नातीच्या मुठीत गूळ देत होती, तेव्हा आबाजीनं जावयाला सहज विचारावं तसं विचारलं, "त्ये वायसर किती दिस टिकंल म्हनायचं?"

"हलक्या हातानं बंद केलं, तर दिवाळी बघंल, मामा."

"आन् आवळून बंद केलं तर?"

सिद्धूनं सासऱ्याकडं पाहिलं. मग खांद्यावरची घोंगडी सारखी करत म्हणाला, "तर पंचमीलाच यावं लागंल मला."

"आसं व्हय," आबाजी म्हणाला. "मग जपून वापराय पायजे."

गाडी गेली. घर एकदम मोकळं मोकळं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी गोजरबाई गोठ्यातून शेण घेऊन येत होती. स्वयंपाकघरात काहीतरी कण्हल्यासारखं ऐकू आलं, म्हणून तिनं हळूच डोकावलं. आबाजी एक पाय भिंतीला लावून, दात-ओठ खात, दोन्ही हातांनी नळाची चावी आवळत होता. मानेच्या शिरा फुगल्या होत्या.

तिची चाहूल लागताच तो मागं सरला. "गळत हुतं," तो म्हणाला आणि खाकरत मळ्याकडं निघून गेला.

नळाखालची फरशी कोरडी ठणठणीत होती. गोजरबाईनं शेणाची पाटी खाली ठेवली, हात धुवायचे म्हणून नळ सोडला, हात धुतले आणि बंद केला. मग तिनं दाराकडं एकदा बघितलं, चावीभोवती पदर गुंडाळला आणि सगळा जीव एकवटून आपलाही एक पीळ दिला.